टेडी वेदरफर्डच्या नावाने फिरणारी बनावट तबकडी

जुन्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, लाखेच्या) रेकॉर्ड्स जमवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. ‘टेडी वेदरफर्ड, ताज हॉटेल, मुंबई, डिसेंबर 1935’ असं निळ्या शाईने लिहिलेल्या तपकिरी पाकिटातली एक काळी तबकडी सध्या विक्रीला फिरते आहे. ती खोटी आहे. माझे तिच्यात 48,000 रुपये गेले. माझ्यानंतर आणखी एका संग्राहकाला तीच वस्तू दाखवली गेली, म्हणून गप्प बसणं बरोबर वाटत नाही.

वेदरफर्ड कोण हे माहीत नसेल, तर या तबकडीला एवढी किंमत का येते हे कळणार नाही. 1903 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय जॅझ पियानोवादक न्यू ऑर्लिन्समध्ये पियानो शिकला आणि शिकागोत नावारूपाला आला. तिथल्या व्हेंडोम थिएटरात अर्स्किन टेटचा वाद्यवृंद वाजायचा. 1926 च्या मे महिन्यात त्या वृंदाने व्होकॅलियन कंपनीसाठी दोन बाजू ध्वनिमुद्रित केल्या. कॉर्नेट-ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर वेदरफर्ड. त्यातली ‘स्टॉम्प ऑफ, लेट्स गो’ ऐका. आर्मस्ट्राँगसमोर पियानो दबत नाही, उलट अंगावर येतो. त्याच वर्षी तो जॅक कार्टरच्या बँडबरोबर आशियात निघून आला आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य त्याने इकडेच काढलं. शांघाय, मनिला, सिंगापूर, जावा. 1934 मध्ये शांघायच्या कॅनिड्रोम या नाचघरासाठी ट्रंपेटवादक बक क्लेटनचा बँड अमेरिकेतून घेऊन आला तोही हाच. हा बक क्लेटन पुढे काउंट बेसीच्या नामांकित वाद्यवृंदात गाजला.

आता मुंबई. ताजमध्ये 1935 च्या अखेरीस लिऑन ॲबीचा बँड आला. ॲबी परतला, तेव्हा त्यातल्या काही जणांना घेऊन क्रिकेट स्मिथ या कॉर्नेटवादकाने बँड उभा केला, आणि वेदरफर्ड त्यात येऊन मिळाला. क्रिकेट स्मिथ म्हणजे 1913-14 मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदातून व्हिक्टरसाठी वाजवलेला माणूस. जॅझची अगदी पहिली पिढी ताजच्या बॉलरूममध्ये वाजवत होती आणि आपले गोव्याचे वादक ती ऐकून शिकत होते. फ्रँक फर्नांडसारखे तरुण वेदरफर्डच्या हाताखाली तयार झाले. त्याच पिढीतला हळदोण्याचा चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त वाजवतो. आपल्या चित्रपटसंगीतातल्या ट्रंपेट-सॅक्सोफोनचा उगम शोधायला गेलं, की वाट या बॉलरूमपाशी येते. आणि नेमक्या या मुंबईच्या दिवसांचे आवाज फार थोडे उरले आहेत. रेक्स या ब्रँडवर 1936 मध्ये निघालेल्या क्रिकेट स्मिथच्या ‘ताज महाल’सारख्या मोजक्या तबकड्या, बस्स. भामट्याला हीच पोकळी बरोबर सापडली.

त्याने स्वतःची ओळख गोव्यात बार्देशातल्या एका जुन्या वादकाचा नातू अशी करून दिली. बोलण्यात आदब, मला ‘काका’ म्हणायचा. ‘काका, आजोबा ताजमध्ये दुसरा सॅक्स वाजवायचे. वेदरफर्डसाहेबांनी खासगीत एक रेकॉर्ड कापून घेतली होती, ती आमच्या पेटीत राहिली.’ बरोबर रेक्सची ‘ताज महाल’ही होती. फोनवर तो रूडी जॅक्सनची हकिगत सांगायचा, आणि ती हकिगत खरी होती. या क्लॅरिनेटवाल्याने 1927 मध्ये आपल्या बँडप्रमुखाला, ड्यूक एलिंग्टनला, ‘क्रिओल लव्ह कॉल’ची चाल आपली म्हणून दिली, प्रत्यक्षात ती किंग ऑलिव्हरच्या ‘कॅम्प मीटिंग ब्लूज’मधून उचललेली निघाली, एलिंग्टनने त्याला काढून टाकलं आणि पुढे तो ॲबीबरोबर मुंबईला आला. एवढं बारीक माहीत असणारा माणूस घरातलंच काही सांगत असेल असं कुणालाही वाटेल. खऱ्या माहितीत खोटी वस्तू गुंडाळून द्यायची, हीच त्याची पद्धत आहे.

फोटो त्याने भरपूर पाठवले. पाकिटाचे, लेबलाचे, खाचांचे. तबकडी प्रत्येक फोटोत टर्नटेबलवर ठेवलेली. अर्धा मिनिट आवाजही पाठवला, नुसता पियानो, मागे खरखर. अर्धी रक्कम यूपीआयने आधी, उरलेली कुरिअरची पावती दाखवल्यावर, असं ठरलं. पार्सल मात्र नीट आलं, बबलरॅपमध्ये, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घट्ट बसवलेलं.

तबकडी हातात घेतली आणि वजनातच गडबड कळली. त्या काळात खासगी ध्वनिमुद्रणाची तबकडी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकर (खाच कापता येईल असा मऊ लेप) चढवून करत, युद्धाच्या काळात काचेवरही. मधल्या भोकाच्या कडेला धातू चमकतो, काठावर नख मारलं तर टण् वाजतं. बहुतेक वेळा मधल्या भोकाशेजारी आणखी एखाद-दोन छोटी भोकं असतात, कापताना तबकडी घसरू नये म्हणून. इथे भोक एकच, आणि त्याच्या आतली कड सलग काळी. दोन बोटांनी दाबलं तर तबकडी वाकत होती. प्लॅस्टिक. सगळे फोटो टर्नटेबलवर का, ते तेव्हा कळलं. मधला दांडा भोक झाकत होता.

शिवाय लॅकर जुनं झालं की त्यातल्या एरंडेलाचा अंश वर येतो आणि पृष्ठभागावर पांढरट, मेणासारखा थर धरतो. कोकणच्या दमट हवेत ऐंशीहून अधिक पावसाळे काढलेली तबकडी आरशासारखी लखलखीत राहत नाही.

मग वाजवली. पियानो वेदरफर्डचाच होता, त्यात शंका नाही. डाव्या हाताच्या त्या लांब उड्या आणि उजव्या हाताची झटक्यात वर जाणारी चाल दुसऱ्याची नव्हे. पण सुरुवातीला सुई शांत खाचेतून जाते, आणि मग संगीताच्या आधी खरखर एकदम उगवते. शेवटी पियानो थांबल्यावर तीच खरखर हळूहळू विरत जाते. थेट तबकडीवर कापलेल्या ध्वनिमुद्रणात खरखर विरत नाही, सुई उचलेपर्यंत ती असते. ही खरखर दुसऱ्याच तबकडीची होती, संगणकावर उतरवून, शेवट गुळगुळीत करून पुन्हा कापलेली.

कुठली तबकडी, तेही सापडलं. 1937 मध्ये वेदरफर्ड पॅरिसला गेला होता आणि तिथे त्याने स्विंग या तेव्हा नुकत्याच निघालेल्या लेबलसाठी एकट्याने पियानो वाजवला होता. ‘टी फॉर टू’, ‘माय ब्लू हेवन’, ‘वेदर बीटन ब्लूज’ वगैरे. माझ्याकडे त्यांचं नंतरचं पुनर्मुद्रण आहे. ‘ताज ब्लूज’ म्हणून मला विकलेली बाजू म्हणजे पॅरिसची ‘वेदर बीटन ब्लूज’. दोन्ही आवाज संगणकावर एकाखाली एक लावले, तर प्रत्येक आघात जिथल्या तिथे. जॅझ वाजवणारा माणूस तीच रचना दोनदा वाजवेल, पण प्रत्येक सूर, प्रत्येक थांबा सारखाच येणं शक्य नाही.

आणि पाकिटावरची तारीख. डिसेंबर 1935 मध्ये ताजमध्ये ॲबीचा बँड वाजत होता आणि वेदरफर्ड मुंबईत नव्हताच.

रेक्सच्या तबकडीचं तर काय सांगावं. 78 च्या रेकॉर्डचं लेबल चिकटवलेलं नसतं. गरम लाखेच्या गोळ्याबरोबरच ते साच्यात दाबलं जातं, त्यामुळे कागद आणि तबकडी एका पातळीत येतात. या लेबलाच्या कडेला नख अडकत होतं. ओला कापूस फिरवला तसा कागद सुटला आणि खालून एका भजनाच्या रेकॉर्डचं तपकिरी लेबल निघालं. भजनही चांगलं होतं बिचारं, त्याच्यावर हा अत्याचार. वाजवून बघण्याआधीच हे कळलं असतं, कारण लेबलाजवळच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक वरच्या लेबलावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता, आणि फोटोत नेमका तो पट्टा अंधारात ठेवला होता.

त्याला कळवलं, तर आधी ‘आजोबांचीच आहे काका’, मग ‘तुम्हीच बदलली असेल’, आणि मग नंबर बंद. पैसे गेले ते खातं तिसऱ्याच कुणाच्या नावावर होतं. 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि पोर्टलवर तक्रार नोंदवली, पण तोवर खात्यात काही उरलेलं नव्हतं. पैसे गेल्याचं कळल्या कळल्या, त्याच तासात फोन केला, तर बँकेला रक्कम अडवता येते. विक्रेत्याशी वाद घालण्यात तो वेळ घालवू नका.

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागते. अशा तबकडीचा आवाज कुणी भाबडेपणाने इंटरनेटवर टाकला, की ‘वेदरफर्ड, मुंबई, 1935’ ही नोंद कुठल्या तरी सूचीत जाते, तिथून लेखात, लेखातून पुस्तकात. ज्या माणसाने इथे येऊन एवढं वाजवलं, त्याच्या वाट्याला आधीच थोडं उरलं आहे. कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात तो बँड चालवत होता, कोलंबियासाठी तिथे रेकॉर्ड्स केल्या, अमेरिकन सैनिकांच्या रेडिओवर त्याचा बँड वाजायचा आणि पुढे ब्लूजमध्ये मोठा झालेला जिमी विदरस्पून त्या बँडबरोबर गायला. 25 एप्रिल 1945 ला पटकीने तो कलकत्त्यातच गेला. वय 41. त्याच्या कलकत्त्याच्या कोलंबिया तबकड्या अजून जुन्या बाजारात अधूनमधून येतात, आणि नशीब असेल तर माफक किमतीत मिळतात. खरा वेदरफर्ड हवा असेल तर त्या शोधा.

लॅकरची म्हणून कुणी तबकडी विकत असेल, तर ती टर्नटेबलवरून उतरवून, भोकातून उजेड दिसेल असा फोटो मागा. काठाचा जवळून फोटो मागा. लेबलाजवळचा कोरलेला क्रमांक वाचता येईल असा फोटो मागा. आवाजाचा तुकडा नको, पहिल्या खाचेपासून सुई उचलेपर्यंतचा पूर्ण आवाज मागा. माझ्या ओळखीच्या त्या दुसऱ्या संग्राहकाने भोकाचा फोटो मागितला आणि विक्रेता त्यानंतर बोललाच नाही. त्यांना त्याने नाव वेगळं सांगितलं होतं, गाव बार्देशाऐवजी साष्टीतलं, आजोबा सॅक्सऐवजी ट्रंपेटवाले. पाकीट तेच आहे, निळ्या शाईचं, आणि वेदरफर्डच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला एक ‘ई’ गळलेला आहे.