क्रेडिट रिपोर्टची ऑनलाईन डिस्प्युट सेवा: फुकट आहे पण नुसती पोस्टमनगिरी (5 पैकी 3 स्टार)

होम लोनच्या वेळी बँकेतला माणूस स्क्रीन बघत म्हणाला, साहेब, क्रेडिट स्कोर 640 आलाय, तुमचं टू-व्हीलरचं लोन सेटल्ड दिसतंय. अहो, ते लोन मी 2019 लाच पूर्ण फेडलंय, एकही हप्ता चुकला नाही, एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, कपाटात आहे! सेटल्ड म्हणजे बँकेने थोडे पैसे सोडून देऊन मिटवलं आणि क्लोज्ड म्हणजे पै न पै फेडली, हा फरक तेव्हा कळला, तोवर मला दोन्ही एकच वाटायचं.

आपल्याकडे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारे ब्युरो चार, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढले तर दोघांकडे क्लोज्ड, दोघांकडे सेटल्ड. घ्या!

मग सेटल्ड दाखवणाऱ्या एकाकडे डिस्प्युट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला. फॉर्म सोपा, दहा मिनिटांचं काम, पण एनओसी जोडायला मला तरी कुठे जागा सापडली नाही. 18 व्या दिवशी उत्तर आलं, बँकेच्या मते माहिती बरोबर आहे, विषय बंद. खरी गोम इथेच आहे, ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, ती फक्त बँकेला विचारते आणि बँक बोलेल ते तुम्हाला कळवते. म्हणून सरळ त्या बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकला, एनओसी, शेवटच्या हप्त्याचं स्टेटमेंट, लोन नंबर सगळं जोडून, आणि ब्युरोकडे पुन्हा तक्रार केली. ती 37 व्या दिवशी मिटली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मुदत 30 दिवस, पुढे रोजचे 100 रुपये भरपाई, म्हणजे माझे 700 झाले, आणि आले पण! दोनदा मागावे लागले ते वेगळं. नसतेच आले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार होतो, ब्युरोंविरुद्धची तक्रारसुद्धा तिथे चालते.

मधे एका एजंटने चार हजारात स्कोर क्लीन करून देतो म्हणून गळ घातली होती. तो हाच फुकटचा फॉर्म भरणार आणि वर तुमचा ओटीपी मागणार, लांबच राहा. आणि हप्ता खरंच थकला असेल तर ती नोंद कोणाचा बाप पुसू शकत नाही, माझ्या मेव्हण्याने तीन हप्ते उशिरा भरलेत, तो उगाच डिस्प्युट टाकत बसलाय.

एक स्टार एनओसीसाठी कापला, दुसरा कस्टमर केअरला फोन लावला की वाजत राहणाऱ्या त्या ट्यूनसाठी. स्कोर आता 731 आहे, लोनची फाईल परत दिलीये. एका रिपोर्टवर पत्ता मात्र अजून धुळ्याचा जुनाच दिसतोय, त्याचा फॉर्म काल भरला.