पोस्टफिक्स की एक्झिम? मेल अडकला की बघायचं कुठे

लिनक्सवर मेल सर्व्हर, म्हणजे मेल घेणारं-पाठवणारं पोस्टफिक्स किंवा एक्झिमसारखं सॉफ्टवेअर, निवडताना लोक वेग विचारतात, सुरक्षा विचारतात. मी आधी एवढंच बघतो, की मेल अडकला तर कारण किती लवकर हाती लागेल.

पोस्टफिक्स ही छोट्या प्रोग्रामांची साखळी आहे. एक जण मेल घेतो, दुसरा रांग सांभाळतो, तिसरा पुढे धाडतो. त्यामुळे एकाच मेलची हकीकत लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये) पाच-सहा ओळींत विखुरलेली असते. मेलचा रांगेतला आयडी घेऊन ग्रेप मारला (म्हणजे त्या आयडीच्या ओळी शोधल्या) की सगळं जुळतं. 'स्टेटस=डिफर्ड' म्हणजे पुन्हा प्रयत्न होईल, 'बाउन्स्ड' म्हणजे मेल परत गेला. खरी मेख मात्र त्याच ओळीतल्या 'डिलेज'मध्ये असते. तिथे चार आकडे असतात: रांग-व्यवस्थापकापर्यंत यायला लागलेला वेळ, त्याच्याकडे थांबलेला वेळ, जोडणीचा वेळ आणि प्रत्यक्ष पाठवण्याचा वेळ. '०.१/०.०२/३०/०' असं दिसलं तर कॉन्फिगरेशन उकरत बसू नका. जोडणीसाठी ३० सेकंद वाट पाहून पोस्टफिक्सने नाद सोडलाय. मेल बाहेर जातो तो २५ नंबरचा पोर्ट बंद आहे का, ते आधी तपासा.

एक्झिमचा लॉग खुणांचा: '<=' आला, '=>' पोचला, '==' लांबला, '**' कायमचा फसला. चार खुणा पाठ झाल्या की नजर सरसर फिरते. पण मला एक्झिम आवडतो तो '-बीटी' या कमांडच्या पर्यायासाठी. पत्ता द्या, कोणता राउटर (पत्त्याची वाट ठरवणारा एक्झिमचा नियम) तो उचलेल आणि कुठल्या होस्टकडे नेईल, हे एक्झिम मेल न पाठवताच सांगतो. '-बीएच'ला आयपी दिला की त्या आयपीवरून आलेल्या एसएमटीपी (मेल पाठवायच्या भाषेतल्या) संवादाची रंगीत तालीम होते आणि कोणत्या नियमाने मेल नाकारला ते समोर येतं. पोस्टफिक्समध्ये इतकं थेट काही नाही; 'पोस्टमॅप -क्यू'ने पत्ते-नियमांचा एकेक तक्ता वेगळा विचारावा लागतो.

उलट सेटिंग बघायला पोस्टफिक्स सोपा. 'पोस्टकॉन्फ -एन' फक्त मुख्य फाइलमध्ये लिहिलेलं दाखवतो. डेबियन या लिनक्सवरच्या एक्झिममध्ये फाइल बदलून 'अपडेट-एक्झिम४.कॉन्फ' चालवायचं राहिलं, की तासभर जुन्याच सेटिंगशी झटापट होते.

सर्व्हरवरून नुसते अलर्ट आणि फॉर्मचे मेल जाणार असतील तर डोळे झाकून पोस्टफिक्स घ्या. डोमेनगणिक वेगळे नियम असतील तर एक्झिम, तो शिकायला वेळ लागला तरी.

आणि समोरच्या सर्व्हरचं उत्तर ५५० (कायमचा नकार) असेल, सोबत एसपीएफ (डोमेनच्या नावे कोण मेल पाठवू शकतो याची नोंद) किंवा रिव्हर्स डीएनएसची (आयपीवरून नाव सांगणाऱ्या नोंदीची) तक्रार असेल, तर सॉफ्टवेअर बदलू नका. ते काम डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींमध्ये आहे.