क्विल्ट कुठवर पुरतं: फोर्कमधले पॅच सांभाळणाऱ्या टूलचं परीक्षण

क्विल्ट कमांड लाइनवरून एकच काम करतं: मूळ कोडवर चढवायच्या पॅच फाइलींची (कोडमध्ये कुठल्या ओळी बदलायच्या ते सांगणाऱ्या फाइलींची) उतरंड लावणं. वरचा पॅच काढल्याशिवाय खालच्याला हात लागत नाही. प्रत्येक पॅच ही साधी मजकूर फाइल असते आणि कोणता पॅच कोणत्या क्रमाने चढवायचा ते ‘सिरीज’ नावाच्या दुसऱ्या मजकूर फाइलीत लिहिलेलं असतं. अपस्ट्रीमचा (ज्या मूळ प्रकल्पावरून आपली बदललेली प्रत, म्हणजे फोर्क, केली त्याचा) कोड, पॅचची डिरेक्टरी आणि ही यादी एवढंच त्याचं भांडवल.

अँड्र्यू मॉर्टन लिनक्स कर्नलचे पॅच हाताळायला ज्या स्क्रिप्ट वापरत, त्यांतून आंद्रेआस ग्रुनबाखर यांनी क्विल्ट उभं केलं. डेबियन या लिनक्स वितरणाच्या ‘३.० (क्विल्ट)’ या सोर्स फॉर्मॅटला त्याचंच नाव आहे. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समध्ये कर्नलचे आणि पॅकेजचे पॅच दुरुस्त करायला हेच वापरतात, अनगूगल्ड क्रोमियम या ब्राउझरची पॅचची यादीही याच पद्धतीची आहे. म्हणजे जुनं असलं तरी अडगळीत पडलेलं नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ‘आपण मूळ कोडपेक्षा नेमकं काय वेगळं केलंय’ हे स्वच्छ, वाचता येईल असं समोर ठेवण्यात क्विल्टचा हात धरणारं टूल मिळणं अवघड. पण अपस्ट्रीमने कोड उलटापालटा केला आणि कॉन्फ्लिक्ट आले (आपला आणि त्यांचा बदल एकमेकांवर आदळले), की ते पांगळं पडतं. ते काम गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलकडे न्यावं आणि निकाल पुन्हा क्विल्टमध्ये आणावा.

इन्स्टॉल करण्यात विशेष काही नाही. एपीटी, डीएनएफ, होमब्रू सगळीकडे पॅकेजचं नाव ‘क्विल्ट’च आहे. आतून ते बॅश आणि थोडं पर्ल आहे, पॅच चढवण्याचं काम ग्नूचं ‘पॅच’ टूल करतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण क्विल्टच्या बहुतेक मर्यादा खरं तर या ‘पॅच’च्या आणि फाइलींतला फरक काढणाऱ्या ‘डिफ’च्या आहेत.

पहिली कमांड देण्याआधी होम डिरेक्टरीत ‘.क्विल्टआरसी’ ही सेटिंगची फाइल करून घ्यावी. रिफ्रेशच्या (केलेले बदल पॅच फाइलीत लिहिणाऱ्या कमांडच्या) आर्ग्युमेंटमध्ये तीन गोष्टी हव्यातच: ‘-पी एबी’, ‘--नो-टाइमस्टॅम्प्स’ आणि ‘--नो-इंडेक्स’. हे केलं नाही तर प्रत्येक रिफ्रेशला पॅचमधल्या तारखा बदलतात आणि दोन ओळींच्या दुरुस्तीसाठी गिटमध्ये वीस फाइली बदललेल्या दिसतात. मग रिव्ह्यू करणारा वैतागणारच. पॅचची डिरेक्टरी मुळात ‘पॅचेस’ नावाची धरली जाते; डेबियन पॅकेजमध्ये ती ‘डेबियन/पॅचेस’ असते, म्हणून तिथे ‘क्विल्ट_पॅचेस’ हे व्हेरिएबल द्यावं लागतं. आणखी एक बारकावा असा की तुमची स्वतःची ‘.क्विल्टआरसी’ असेल तर ‘/ईटीसी’मधली सामाईक फाइल वाचलीच जात नाही. दोन्हींची बेरीज होईल असं समजू नका.

आता आतली यंत्रणा, कारण ती कळली की अर्ध्या तक्रारी आपोआप संपतात. पॅच चढवण्याआधी क्विल्ट त्या पॅचने बदलणाऱ्या फाइलींच्या प्रती ‘.पीसी’ या लपलेल्या डिरेक्टरीत, पॅचच्या नावाच्या घरात ठेवतं. ‘क्विल्ट पॉप’ म्हणजे पॅच उलटा चढवणं नव्हे, तर ती ठेवलेली प्रत परत जागेवर आणणं. ‘क्विल्ट डिफ’ आणि ‘क्विल्ट रिफ्रेश’ही त्या प्रतीशीच तुलना करून पॅच बनवतात. प्रत नसेल तर क्विल्टच्या लेखी बदल झालेलाच नाही.

रोजचा क्रम असा. ‘क्विल्ट पुश -ए’ने सगळे पॅच चढवा किंवा पुशला पॅचचं नाव देऊन तिथपर्यंतच जा. ‘क्विल्ट न्यू’ला नवं नाव द्या, नवा पॅच त्या वेळी सर्वांत वर असलेल्या पॅचच्या लगेच पुढे यादीत बसतो, त्यामुळे मध्येच घालायचा असेल तर आधी तिथवर पॉप करा. मग ‘क्विल्ट अ‍ॅड’ला फाइलीचा पत्ता, मग बदल, ‘क्विल्ट डिफ’ने नजर, ‘क्विल्ट रिफ्रेश’ने पॅच लिहिणं आणि ‘क्विल्ट हेडर -ई’ने वर चार ओळी: हा बदल का, अपस्ट्रीमकडे पाठवला का, कधी काढता येईल. डेबियनवाल्यांना ‘--डेप३’ जोडलं की रिकाम्या हेडरमध्ये ठरलेल्या रकान्यांचा साचा मिळतो. इतरांनीही तो वापरावा. हेडर नसलेला पॅच पुढच्या आवृत्तीच्या वेळी काढायचा की ठेवायचा हे कुणालाच सांगता येत नाही.

या क्रमात सगळ्यांचा पाय घसरतो तो ‘अ‍ॅड’वर. फाइल आधी एडिट केली आणि नंतर अ‍ॅड केली, तर बदललेलीच फाइल ‘मूळ प्रत’ म्हणून ‘.पीसी’त जाते आणि डिफ कोरा येतो. कोड चालतोय, पॅच मात्र रिकामा, आणि दुसऱ्या मशीनवर बिल्ड केल्यावर बोंब होते. उपाय दोन. एक, ‘क्विल्ट एडिट’ वापरा. ते आधी अ‍ॅड करतं आणि मग तुमचा एडिटर उघडतं. दोन, चूक होऊन गेली असेल आणि मूळ कोड गिटमध्ये असेल तर त्या फाइलीचा ‘गिट डिफ’ बाहेर साठवा, फाइल ‘गिट चेकआउट’ने मूळपदावर आणा, ‘क्विल्ट अ‍ॅड’ केलेली असेल तर ती नोंद चेकआउटच्या आधीच ‘क्विल्ट रिमूव्ह’ने काढा, आणि साठवलेला डिफ ‘क्विल्ट फोल्ड’ला पुरवा. फोल्ड तो वरच्या पॅचमध्ये जिरवतं. मात्र खालच्या एखाद्या पॅचनेही तीच फाइल बदलली असेल तर हा मार्ग घेऊ नका. चेकआउटने त्या पॅचचाही बदल पुसला जाईल. अशा वेळी बदल हातानेच पुन्हा करणं बरं.

‘हा पॅच नीट निघत नाही’ असं सांगून पॉप अडला तर घाईने ‘-एफ’ मारू नका, रिफ्रेश न केलेलं सगळं काम जाईल. आधी ‘क्विल्ट डिफ -झेड’ चालवा. शेवटच्या रिफ्रेशनंतर काय बदललं तेवढंच ते दाखवतं.

अपस्ट्रीमची नवी आवृत्ती बसवणं ही खरी परीक्षा. जुन्या कोडवर ‘क्विल्ट पॉप -ए’, मग नवा कोड, मग एकेक पॅच पुश. चार प्रकार घडतात.

पॅच जागच्या जागी बसला किंवा काही ओळी वरखाली सरकून बसला तर रिफ्रेश करून पुढे जा. ‘पुश’ला ‘--रिफ्रेश’ जोडलं तर हे आपोआप होतं, पण ते डोळे मिटून वापरू नये, कारण दुसरा प्रकार त्यातच लपतो. तो म्हणजे ‘फझ’. ग्नू पॅच मुळात फझ २ पर्यंत चालवून घेतं. बदलाच्या वर-खाली दिलेल्या नेहमीच्या तीन संदर्भ ओळींपैकी बाहेरच्या दोन जुळल्या नाहीत तरी ते हंक (पॅचमधला बदलाचा एक तुकडा) बसवतं. एकसारख्या दिसणाऱ्या फंक्शनांच्या फाइलीत हा हंक शेजारच्याच फंक्शनमध्ये जाऊन बसू शकतो, आणि कंपायलरलाही त्यात काही वावगं दिसत नाही. म्हणून पुशला ‘--फझ=०’ द्यावं आणि जे अडेल ते हाताने तपासावं. डेबियनचं ‘डीपीकेजी-सोर्स’ टूल ‘३.० (क्विल्ट)’ फॉर्मॅटमध्ये फझ मुळीच स्वीकारत नाही, ते उगाच नाही.

तिसरा प्रकार सुखाचा: ‘पॅच उलटा चढवता येतो’ असा संदेश येतो. म्हणजे बहुधा तो बदल अपस्ट्रीमने घेतला. खात्री करून ‘क्विल्ट डिलीट -एन -आर’ द्या. ‘-एन’ने पुढचा, अजून न चढलेला पॅच यादीतून निघतो आणि ‘-आर’ने त्याची फाइलही जाते.

चौथा, रिजेक्ट, म्हणजे पॅचचे काही हंक बसतच नाहीत. साधा पुश अपयशी ठरला की क्विल्ट सगळं पूर्ववत करतं आणि न बसलेल्या हंकच्या ‘.रेज’ फाइलीही मागे ठेवत नाही. नुसतं काय अडलं ते पाहायचं असेल तर ‘--लीव्ह-रिजेक्ट्स’. दुरुस्तच करायचं असेल तर ‘क्विल्ट पुश -एफ’: जे हंक बसतात ते बसतात, उरलेले ‘.रेज’मध्ये पडतात. ते वाचून हाताने बदल करा, मग रिफ्रेश. रिफ्रेश होईपर्यंत क्विल्ट पुढे सरकू देत नाही, हे चांगलंच आहे. पण सगळे रिजेक्ट खरोखर सोडवलेत का हे ते तपासत नाही. अर्धं सोडवून रिफ्रेश केलं तर उरलेला हंक पॅचमधून कायमचा गायब होतो, चकार शब्द न काढता. या टूलमधली सर्वांत वाईट गोष्ट हीच. रिफ्रेशनंतर जुना आणि नवा पॅच शेजारी ठेवून पाहण्याला पर्याय नाही.

‘क्विल्ट पुश -एम’ने रिजेक्टऐवजी फाइलीतच कॉन्फ्लिक्टच्या खुणा मिळतात. वाचायला सोयीचं, पण हे खरं तीन बाजूंचं मर्ज (मूळ, आपली आणि नवी अशा तिन्ही फाइली ताडून केलेली जुळणी) नव्हे. पॅचला मूळ फाइल पूर्ण दिसतच नाही, फक्त आजूबाजूच्या ओळी दिसतात. गिटमध्ये पॅच चढवणारं ‘गिट एएम -३’ही इथे उपयोगी पडत नाही. त्याला लागणाऱ्या ब्लॉबच्या (गिटने साठवलेल्या फाइलीच्या) हॅशच्या ओळी क्विल्टच्या रिफ्रेशमध्ये लिहिल्या जात नाहीत.

म्हणून दोन-तीनपेक्षा जास्त पॅच अडले तर वाट बदला. जुन्या आवृत्तीच्या टॅगवर नवी ब्रँच काढा आणि ‘गिट क्विल्टइम्पोर्ट’ला पॅचची डिरेक्टरी द्या, प्रत्येक पॅचचा एक कमिट होतो. लेखकाचं नाव पॅचच्या हेडरमध्ये नसेल तर ते विचारत बसतं, तेव्हा ‘--ऑथर’ आधीच द्या. जुन्या आवृत्तीवर सगळे पॅच नीट बसतातच, त्यामुळे इथे अडचण येत नाही. आता ही ब्रँच नव्या टॅगवर रिबेस करा, म्हणजे तेच कमिट नव्या आवृत्तीवर पुन्हा चढवा. गिटकडे दोन्ही बाजूंचा पूर्ण कोड असल्याने फाइलीचं नाव बदललेलंही ते बहुतेक वेळा ओळखतं. कॉन्फ्लिक्ट कसा सोडवला ते लक्षात ठेवणारी गिटची ‘रेरेरे’ सोय चालू ठेवली तर तोच कॉन्फ्लिक्ट दुसऱ्यांदा सोडवावा लागत नाही. शेवटी ‘गिट रेंज-डिफ’ने जुनी-नवी मालिका ताडून पाहा आणि ‘गिट फॉरमॅट-पॅच’ने फाइली काढा, ‘-एन (कॅपिटल)’, ‘--झिरो-कमिट’ आणि ‘--नो-सिग्नेचर’ देऊन, नाहीतर कमिटचे हॅश आणि गिटची आवृत्ती दर वेळी पॅचमध्ये बदलत राहते. फाइलींची नावं नवी येतात, तेव्हा ‘सिरीज’ पुन्हा लिहायला विसरू नका.

काही गोष्टी क्विल्टला जमतच नाहीत. बायनरी फाइल, उदाहरणार्थ लोगो बदलायचा असेल तर रिफ्रेश चक्क थांबतं. अशा फाइली वेगळ्या डिरेक्टरीत ठेवून बिल्डच्या वेळी कॉपी कराव्यात. पॅचने आणलेल्या स्क्रिप्टला एक्झिक्यूट करण्याची परवानगी आपोआप मिळत नाही, ती वेगळी द्यावी लागते. फाइलीचं नाव बदललं तर पॅचमध्ये एक अख्खी फाइल वजा आणि एक अख्खी अधिक अशी दिसते; फोर्कमध्ये नावं बदलण्याचा मोह टाळा.

गिटसोबत वापरताना ‘.पीसी’ डिरेक्टरी ‘.गिटइग्नोर’मध्ये टाका, आणि पॅच चढलेले असताना पुल, स्टॅश किंवा ब्रँच बदल करू नका. कोड एकीकडे आणि ‘.पीसी’तल्या नोंदी दुसरीकडे अशी फारकत झाली की क्विल्ट गोंधळतं. तसं झालंच तर पॅचेस डिरेक्टरी कमिट झाली आहे याची खात्री करा, ‘.पीसी’ पूर्ण उडवा, कोड गिटमधून मूळपदावर आणा आणि सुरुवातीपासून पुश करा.

पर्यायांत एसटीगिट सर्वांत जवळचं. तिथे पॅच म्हणजे गिटचे कमिटच, पुश-पॉप तसंच, शिवाय तीन बाजूंचं मर्ज मिळतं. क्विल्टची सिरीज आत घेता येते आणि बाहेर काढताही येते. रोज हात लागणारे पॅच असतील तर आम्ही तेच सुचवू. पण रिपॉझिटरीत मूळ कोडच ठेवलेला नसेल, बिल्डच्या वेळी टारबॉल (मूळ कोडची एकत्र बांधलेली फाइल) उतरवून पॅच चढवायचे असतील, तर क्विल्टच. डेबियन पॅकेज करणाऱ्यांसाठी ‘जीबीपी पीक्यू’ आहेच. वर सांगितलेला गिटमध्ये नेऊन परत आणण्याचा सगळा खटाटोप ते दोन कमांडमध्ये करतं.

सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या बिल्ड-तपासणीत) ताज्या कोडवर ‘क्विल्ट पुश -ए --फझ=०’ एवढी एक पायरी ठेवली तरी सडलेले पॅच वेळेवर सापडतात. फक्त एक गोष्ट सांभाळा: चढवायला काही उरलंच नसेल तर क्विल्ट एक्झिट कोड २ देतं, आणि चूक होताच थांबणारी स्क्रिप्ट तिथे विनाकारण पडते. कॅशमधून पॅच चढवलेलाच कोड आला की हे हमखास होतं. ० आणि २ दोन्ही चालतील असं स्क्रिप्टमध्ये लिहा, १ आला तरच बिल्ड पाडा.