१० मीटर एअर रायफलचा बनवून घेतलेला ॲल्युमिनियम स्टॉक: हंगामभराच्या वापरानंतर

धातूचा स्टॉक (रायफलचे सगळे भाग धरणारा, खांद्याला टेकणारा सांगाडा) बसवला की गुण वाढतात, ही समजूत आधी बाजूला ठेवा. फायदे दोनच. लाकूड पावसाळ्यात फुगतं, ॲक्शन (छर्रा भरण्या-सोडण्याची यंत्रणा) स्टॉकला धरणाऱ्या स्क्रूंचा ताण बदलतो, झिरो म्हणजे साइटची जुळवणी हलते. ॲल्युमिनियममध्ये हे होत नाही. आणि गालपट्टी (गाल टेकवायचा भाग), बटप्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी), ग्रिप काढून पुन्हा बसवली तरी खुणेवर परत येतात. अर्थात, क्लॅम्प नीट बनवले असतील तर.

स्टॉकच्या कण्यासारख्या मुख्य पट्टीसाठी ६०६१-टी६५१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची २५ मिमी प्लेट घ्या. नुसती टी६ नको. टी६५१ ताणून तिच्यातला अंतर्गत ताण बराचसा घालवलेला असतो. ६० × ७०० मिमीचा कच्चा तुकडा साधारण २.८ किलो भरतो, त्यातला बहुतेक माल पोखरून काढायचा. एकाच बाजूने पोखरलं तर पट्टी केळ्यासारखी वाकते. दोन्ही बाजू अर्धा मिमी जादा ठेवून रफ (ढोबळ) कापायच्या, क्लॅम्प सोडायचा, मगच फिनिश कट. व्हीएमसीवाल्याला (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवाल्याला) हे नको असतं, कारण सेटिंग वाढतं. म्हणून ड्रॉइंगवरच लिहून द्या.

बेड (स्टॉकमधली ॲक्शन बसते ती जागा) तपासायला नळीवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावून ॲक्शनचा एकेक स्क्रू सैल करा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर बेड पिळलेला आहे. स्क्रू जास्त आवळून तो सरळ होत नाही, उलट ॲक्शन वाकते. नळी आणि सिलिंडर स्टॉकला कुठेही टेकू नयेत; कागदाची पट्टी मधून सरकली पाहिजे.

खरी कटकट आट्यांची. गालपट्टीचे एम५ स्क्रू सतत खालीवर होतात, आणि ॲल्युमिनियममध्ये थेट पाडलेले आटे काही महिन्यांत उपटतात. सुरुवातीलाच हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे आटे) बसवून घ्या. गालपट्टीचा दांडा ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) धरणं तर टाळाच: स्क्रूचं टोक दांड्यात खड्डा पाडतं, मग अर्धा मिमी वर घ्यायचं म्हटलं तरी दांडा जुन्याच खड्ड्यात घसरतो. चिरलेला क्लॅम्प हवा, तो दांड्याला चहूबाजूंनी आवळतो.

ॲनोडायझिंगच्या (ॲसिडच्या टाकीत वीज सोडून चढवलेल्या संरक्षक ऑक्साइडच्या) थराची साधारण अर्धी जाडी पृष्ठभागाबाहेर वाढते. त्यामुळे दांड्याची भोकं आधीच रीमरने किंचित मोठी करावी लागतात, नाहीतर परत आल्यावर दांडा आत जात नाही. बंद भोकांत ॲसिड राहिलं तर पुढे पांढरी भुकटी बाहेर येते. टाकीत टाकण्यापूर्वी ती भोकं बुजवायला सांगा. घाम आणि स्टेनलेस स्क्रू एकत्र आले की तसलीच भुकटी आट्यांत धरते, म्हणून स्क्रूंना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. किनारपट्टीवर हे विशेष.

गालपट्टी मात्र लाकडाचीच बरी. एसी रेंजवर धातू गार लागतो आणि घामाने गाल सरकतो. पोकळ फोरएंड (नळीखालचा स्टॉकचा पुढचा भाग) झटका बसला की टणकन वाजतो; आत रबर-कॉर्कची पट्टी चिकटवली की आवाज बसतो.

तोल साधायला वजनं लावताना आयएसएसएफची (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची) रायफलसाठीची ५.५ किलोची मर्यादा साइटसकट धरा. नळीच्या अक्षापासून फोरएंडची खोली १२० मिमीच्या आत हवी, आणि ती हँड रेझर (हाताखाली येणारा उंचवटा) लावलेल्या अवस्थेत मोजायची. वाढत्या वयाच्या नेमबाजासाठी बटप्लेट मागेपुढे सरकवायला किमान ४० मिमी वाव ठेवा. मुख्य पट्टी नंतर लांबवता येत नाही.