मुद्दा मापानं सोडायला शिकवणारा क्लास: टिळकवाडीतला अनुभव

पाचपैकी साडेतीन.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, वरच्या मजल्यावर 'डिस्कशन इंग्लिश' शिकवतात, त्या क्लासबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत आणि बेळगाव केवढंसं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमचं बरंचसं कास्टिंग इंग्लंडला जातं, आणि रिजेक्शन आलं की तिकडच्या खरेदीवाल्यांशी बोलायचं काम माझ्याकडं. शाळा मराठी असली तरी व्याकरणाला मी अडत नाही. अडायचं ते समोरच्याचं अर्धं खरं असलं की. आमच्या ऑफिसात अशा वेळी दोनच रिती. एक तर "येस सर, येस सर" करत सगळं अंगावर घ्यायचं, नाहीतर शेवटपर्यंत "नो सर". पहिल्यात डेबिट नोट, म्हणजे खराब मालाचे पैसे आमच्या बिलातून कापल्याचा कागद, ठरलेली, दुसऱ्यात पुढची ऑर्डर कोल्हापूरच्या फौंड्रीला. निम्मी फी कंपनी देते म्हटल्यावर नाव घातलं.

बाकीच्या स्पीकिंग क्लासांत 'माय फेव्हरिट फेस्टिव्हल' वगैरे चालतं, तसलं इथं काही नाही. सर पहिल्यापासून एकाच गोष्टीवर आहेत: इंग्रज माणूस वादात मुद्दा एकदम टाकत नाही, मापानं सोडतो, आणि किती सोडला हे त्याच्या एका वाक्यावरून ओळखायचं. 'फेअर इनफ' म्हणाला तर यावर तो आता भांडत नाही, इतकंच. त्याला पटलंच असं धरू नका. 'आय'ल गिव्ह यू दॅट' म्हणजे एवढा एक मुद्दा तुमचा, बाकीचे अजून त्याच्याच खिशात. 'पॉइंट टेकन' सरांनी तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवलं. एकात मनापासून ऐकल्याची खूण, एकात कोरडेपणा, आणि एकात "कळलं हो, आता पुरे" असा सरळ वैताग. 'आय स्टँड करेक्टेड' फक्त आकडा, तारीख, नाव असं काही चुकलं असेल तर. मत बदललं म्हणून कुणी तसं म्हणत नाही.

'टूशे'वर मात्र सरांनी निम्मा तास घातला. हा शब्द तलवारबाजीतला, मूळ फ्रेंच. पूर्वी वार लागला की ज्याला लागला त्यानंच तोंडानं कबूल करायची रीत होती. ऑलिंपिकमध्ये एपी प्रकाराला 1936 साली आणि फॉइलला 1956 साली विजेची यंत्रणा आली, तेव्हापासून दिवाच लागतो, कबुली कुणी विचारत नाही. बोलण्यात मात्र ती रीत राहिली: समोरच्याचं उत्तर झोंबलं आणि आवडलंही, की टूशे. ऐकायला मजा आली, पण उद्यमबागेत मी कुणाला टूशे म्हणू? मोल्डिंगच्या सुपरवायझरला?

त्यापेक्षा उलटी यादी कामाची निघाली, म्हणजे कबुलीसारखे वाटणारे पण कबुली नसलेले शब्द. इंग्रज 'विथ रिस्पेक्ट' म्हणाला की समजायचं, आता विरोध येतोय. 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' म्हणाला तर आणखी जोरात येतोय. 'आय हिअर व्हॉट यू से' म्हणजे ऐकलं. मान्य केलं असं त्यात कुठंही नाही. 'आय टेक युवर पॉइंट' झाल्यावर श्वास घेतला तर 'बट' येणार, आणि त्याला काय म्हणायचंय ते त्या 'बट'च्या पुढं. यात आपल्याला परकं काय आहे म्हणा. येळ्ळूरला आमच्या घरासमोरच्या कट्ट्यावर "तुझं खरं गा, पण…" एवढ्यावर तासन्तास निघतात. फरक एवढाच की कट्ट्यावर हरणारा हरलो म्हणत नाही, "बरं बरं, चहा सांग" म्हणतो, आणि सगळ्यांना काय ते कळतं.

सराव जोडीजोडीनं करून घेतात. माझ्या जोडीला नर्सिंगला परदेशी जायची तयारी करणारी गोकाकची मुलगी. विषय: पाहुण्यांना कुंदा द्यावा की करदंट. अट अशी की समोरच्याचा मुद्दा आधी आपल्या तोंडानं नीट सांगायचा, त्यानं "होय, हेच म्हणतोय मी" म्हटलं की मगच त्यातलं खरं असेल तेवढं कबूल करायचं, आणि मग आपलं बोलायचं. दिसतं तेवढं सोपं नाही. मी पहिल्यांदा तिचा मुद्दा सांगितला तर ती म्हणाली, "नाही की हो, मी महाग म्हटलंच नाही. लांबच्या प्रवासाला करदंट बरा म्हटलं." पुन्हा सांगितला, तिनं मान डोलावली. मग मी "आय'ल गिव्ह यू दॅट, डिंक-गुळाचा करदंट डब्यात टिकतो" म्हणून कुंद्याच्या खव्यावर आले. त्यावर ती शांतपणे "फेअर इनफ" म्हणाली आणि पुढं एक अक्षर नाही. सर लगेच म्हणाले, बघा, हिनं वाद संपवला, पण मत दिलेलं नाही.

बॅचमध्ये धारवाड खंडपीठात जाणारे एक वकील होते. कबूल करायला काही खर्च येत नाही, असं सर एकदा बोलून गेले. वकील उठलेच. कोर्टात तोंडातून गेलेली कबुली रेकॉर्डवर जाते, म्हणाले. निकालात 'लर्नेड काउन्सेल फेअरली कन्सीडेड' अशी ओळ उमटते आणि अशिलाला पुढं ती निस्तरावी लागते. कायद्याच्या मुद्द्यावर वकील चुकीचं कबूल करून बसला तर ते अशिलावर बंधनकारक नसतं, पण वस्तुस्थितीचं तसं नाही. सरांनी "फेअर पॉइंट" म्हटलं, पुढं 'बट' लावलं नाही, फळ्यावरचं आपलं वाक्य पुसलं आणि तो तास वकिलांनाच चालवायला दिला. मला तो तास सगळ्यात जास्त लागू पडला, कारण आमचंही रेकॉर्डवरच असतं. मीटिंगची मिनिट्स जातात, त्यातलं एक वाक्य काढून कुणीतरी डेबिट नोटला जोडतं.

पुढच्या एका कॉलवर खरेदीवाला अख्खी लॉट ब्लो होलनं (ओतताना वायू अडकून पडलेल्या भोकांनी) खराब आहे म्हणून बसला. मी म्हटलं, आय'ल गिव्ह यू दॅट, फोटोत दाखवलेल्या पीसांवर ब्लो होल आहेत, ते आम्ही घेतो. मशीनिंगमध्ये साइज गेलेले पीस वेगळे मोजा, ते तुमच्याकडं झालंय. पलीकडं थोडा वेळ शांतता, मग "फेअर इनफ, सेंड मी द स्प्लिट." त्याला पटलं की नाही ते त्यालाच माहीत, पण लॉटचे दोन भाग झाले आणि डेबिट पहिल्यापुरतंच आलं.

आता दीड गुण कुठं गेला ते. लिहिण्याबद्दल क्लासमध्ये जवळजवळ काहीच नाही. आमची निम्मी भांडणं मेलवर होतात, तिथं सूर कळत नाही आणि 'नोटेड' एवढंच येतं. ते होकार की नुसती पोच, हे कुणी सांगत नाही. ऐकवायची रेकॉर्डिंग सगळी ब्रिटिश. अमेरिकन माणूस 'गुड पॉइंट', 'यू आर राइट', 'माय बॅड' असं सरळ म्हणून मोकळा होतो, त्याला सरांनी दोन वाक्यांत उडवलं. ज्यांचे ग्राहक तिकडचे आहेत त्यांनी जायच्या आधी हे विचारून घ्यावं. नोट्सची झेरॉक्स फिकी. आणि फी सगळी आगाऊ: मध्येच वेळ बदलली, निपाणीहून येणाऱ्या गृहस्थांना परतीची बस मिळेना, तरी पैसे परत नाहीत. त्यांनी पुष्कळ समजावलं, ऑफिसातल्या बाईंनी मोबाईलवरून मान वर केली नाही.

वकील, एक्स्पोर्टवाले, मुलाखतीला परदेशी जाणारे, यांनी जावं. इंग्रजीची सुरुवातच करायची असेल तर आधी दुसरीकडं पाया घाला, इथं तुम्हाला कुणी थांबून सांगणार नाही. शक्य असेल तर सकाळची बॅच घ्या. संध्याकाळी गेट पडलं की रांग थेट क्लासच्या दारापर्यंत येते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.