खासदाराच्या मताची वही: तीन अधिवेशनांनंतर

सामान फार नाही. शंभर पानी वही, संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेचं 'एमपी ट्रॅक' पान, संसदेची सरकारी साइट आणि संसद टीव्ही. डिसेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात, म्हणजे तीन अधिवेशनं, आपला खासदार कुठल्या विधेयकावर कसं मत देतो ते टिपायचा मी प्रयत्न केला. कोणाला करून पाहायचं असेल तर आधी हे वाचा. नागपूरकरांनी जरा जास्तच लक्ष देऊन.

पहिलं म्हणजे तुमचा खासदार कोण ते नक्की करा. हसू नका. मी राहतो प्रतापनगरात, माझे खासदार नितीन गडकरी. मावशी राहते कामठीला, ती रामटेक मतदारसंघात, तिचे खासदार श्यामकुमार बर्वे. वाडीचा एक मित्र बोलताना गडकरींना 'आपले खासदार' म्हणतो आणि मत रामटेकला टाकून येतो. म्हणून वहीत दोन रकाने केले, एक माझा, एक मावशीचा. तिला सांगितलं तर म्हणे, "हे काय नवीन करून राहिला रे बाप्पा? मत तर आपण दिलं ना, आता त्याईचं मत तू मोजशील?"

'एमपी ट्रॅक'वर हजेरी, चर्चेतला सहभाग, विचारलेले प्रश्न, खासगी विधेयकं असे आकडे मिळतात, शेजारी राष्ट्रीय सरासरी. वापरायला सोपं. पण नागपूर शहरवाल्यांची इथेच पंचाईत. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. त्यामुळे ही मोजपट्टी मंत्र्याला लागूच होत नाही. आणि ज्यासाठी मी वही घेतली, तो मताचा रकाना तर कोणत्याच खासदाराच्या पानावर नाही.

सुरुवातीला वाटलं, साइटवाले आळस करतात. महिनाभराने कळलं, त्यांचा दोष नाही. मताची नोंदच बहुतेक वेळा होत नाही! अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'हां' म्हणा, विरोधातले 'ना' म्हणा. आवाज ऐकून निकाल सांगतात आणि विधेयक मंजूर. कोण काय ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण कँटीनमध्ये होतं, कागदावर काहीच नाही. ११ ऑगस्ट २०२५ ला नवं आयकर विधेयक लोकसभेत असंच चर्चेविना गेलं. २० ऑगस्टला ऑनलाइन गेमिंगचं. पगारदार माणूस मी, आयकराच्या पानावर तारीख घातली आणि दोन्ही रकान्यांत रेघ ओढली. माझी अर्धी वही रेघांचीच आहे.

नाव कागदावर येतं ते मतविभाजनात. एखाद्या सदस्याने अध्यक्षांच्या निकालाला हरकत घेतली आणि ती धरून ठेवली की घंटा वाजते, लॉबी रिकामी होते, दारं बंद होतात, बाकावरची बटणं दाबली जातात. हिरवं बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, तिथे मोजणी टळत नाही. मात्र मागणी केली की मोजणी होतेच असंही नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधक मतविभाजन मागत राहिले आणि विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. देशभर ज्यावरून एवढं रण पेटलं, त्यावर वरच्या सभागृहात कोणाचं मत काय होतं याची नावनिशीवार यादीच नाही. मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच.

आता एक धडा, मी स्वतः चुकून शिकलेला. १७ डिसेंबर २०२४, 'एक देश एक निवडणूक'चं विधेयक मांडू द्यायचं की नाही यावर मतविभाजन. पडद्यावर आकडे आले, बाजूने २२०, विरोधात १४९. मी लगेच वहीत पेनाने लिहून मोकळा. मग कागदी चिठ्ठ्यांवर दिलेली मतं मोजली गेली आणि शेवटचा आकडा झाला २६९ विरुद्ध १९८. म्हणजे जवळपास शंभर मतं यंत्राबाहेरची. तेव्हापासून पडद्यावरचं पेन्सिलने लिहितो आणि कामकाजाचा छापील वृत्तांत आला की पेनाने. वृत्तांतात 'हां' आणि 'ना'खाली नावं असतात. आडनाव आधी येतं हे लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्या नावाने शोधत बसाल.

त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या सत्ताधारी खासदारांची नावं पेपरात आली, त्यांत गडकरींचंही होतं. टपरीवर तर्री पोहे खाता खाता लोकांनी त्याचे सतरा अर्थ लावले. यादीत मात्र नाव नसण्याचं कारण कधीच लिहिलेलं नसतं. दौरा, आजारपण, नाराजी, सगळ्यांची जागा सारखीच कोरी. म्हणून मी 'गैरहजर' लिहितो आणि थांबतो.

वक्फ सुधारणा विधेयकाच्या रात्री मी जागलो. २ एप्रिलला सुरू झालेली चर्चा मध्यरात्र उलटून गेल्यावर मताला आली, २८८ विरुद्ध २३२. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे मिटत होते. पण खरं सांगू का, एवढं जागून नवीन काय कळलं? पक्षाची भूमिका संध्याकाळीच माहीत होती. १९८५ पासून राज्यघटनेत दहावी अनुसूची आहे, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा; पक्षादेश (व्हिप) मोडून मत दिलं किंवा मतदानाला गेलाच नाही तर खासदारकी जाऊ शकते, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर. तेव्हा यादीतलं मत हे पक्षाचं असतं, तुमच्या माणसाची फक्त हजेरी लागते. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला आणि जेवले नाहीत. एकेका नावाला अशी किंमत येण्याची वेळ क्वचितच. राष्ट्रपती, उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही, पण ते मतदान गुप्त. म्हणजे जिथे माणूस मोकळा, तिथे आपल्याला दिसत नाही.

मध्येच एक मोबाइल अ‍ॅपही घेतलं होतं, नाव सांगत नाही. 'तुमच्या खासदाराला गुण' वगैरे. हजेरीवरून गुण काढत होतं आणि मंत्र्यांना शून्य देत होतं. काढून टाकलं.

खरा उपयोग शेवटी भलतीकडेच निघाला. संसदेच्या साइटवर प्रश्नोत्तरं मंत्रालय आणि तारखेनुसार शोधता येतात. माझ्या खासदारांची उत्तरं रस्ते वाहतूक मंत्रालयाखाली मिळतात, त्यांना जोडलेले राज्यवार तक्ते वाचण्यासारखे असतात. मावशीसाठी उलटं, बर्वेंनी काय विचारलं ते पाहायचं. प्रश्नाला पक्षादेश लागत नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर मतांच्या वहीला दोन, प्रश्नांच्या शोधाला चार.

अधिवेशन सुरू झालं की मावशी आता स्वतःच फोन करते, "काही बोलले काय आमचे?"

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरतं, म्हणून मागच्या डिसेंबरात आमदारांसाठीही वही घालावी असं डोक्यात आलं. गॅलरीच्या पाससाठी शिफारस मागायला गेलो. तिथल्या साहेबांच्या माणसाने विचारलं, "काय काम होतं?" म्हटलं, काम काही नाही, मत कसं देतात ते पाहायचंय. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि चहा सांगितला.