फॅट बर्नरसोबत घ्यायची इलेक्ट्रोलाइट पावडर : सहा आठवड्यांचा अनुभव

चरबी उतरवण्यासाठी उत्तेजक कॅप्सूल घेणाऱ्यांच्या पोटरीत गोळे येतात, ही तक्रार इतकी सर्रास झाली आहे की खास तिच्यासाठी इलेक्ट्रोलाइट (म्हणजे सोडियम, पोटॅशियमसारखे क्षार) असलेल्या पावडरी विकल्या जाऊ लागल्या आहेत. त्यांपैकी एक मी सहा आठवडे वापरली. कॅफिन आणि सिनेफ्रिन ही उत्तेजके असलेले फॅट बर्नर मी त्या काळात रोज सकाळी घेत होतो, आणि पहाटे पोटरी दगडासारखी घट्ट होऊन झोपमोड होत असे. डब्यावर ‘कटिंगच्या काळातील पेटके रोखते’ असे ठळक अक्षरांत छापलेले पाहून खरेदी केली (कटिंग म्हणजे चरबी उतरवण्याचा टप्पा).

चव बरी आहे, पावडर गार पाण्यातही लगेच विरघळते.

खरा प्रश्न डब्याच्या मागील बाजूस सुरू होतो. अर्धा लिटर पाण्यासाठीच्या एका चमच्यात 300 मिलिग्रॅम सोडियम, 200 मिलिग्रॅम पोटॅशियम, 60 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 1 ग्रॅम टॉरिन (अमिनो आम्लाच्या जातीचा घटक) आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये सुमारे 1,725 मिलिग्रॅम सोडियम आणि सुमारे 780 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. त्याच्याशी ताडून पाहिले तर ही पावडर सोडियमच्या बाबतीत जेमतेम एक तृतीयांश आणि पोटॅशियमच्या बाबतीत निम्मी भरते. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या रूपात घातले आहे, जे स्वस्त असते, शरीरात कमी शोषले जाते आणि पोट मात्र सैल करते. शिवाय पेटक्यांवर मॅग्नेशियमचा उपयोग तपासणाऱ्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात वयस्कर व्यक्तींनाही त्याचा लक्षणीय फायदा होण्याची शक्यता कमीच दिसली होती.

तरीही माझा मुख्य आक्षेप प्रमाणावर नाही, दाव्यावर आहे. घाम जास्त गेल्यामुळे जे क्षार शरीराबाहेर पडतात, ते पाण्यासोबत भरून काढणे योग्यच. पण उत्तेजकांमुळे होणारा सगळा बिघाड या प्रकारचा नसतो. जिममध्ये ज्याला ‘क्लेन’ म्हणतात ते क्लेनब्युटेरॉल उदाहरण म्हणून पाहू. घोड्यांच्या श्वसनविकारांवर वापरले जाणारे आणि खेळाडूंसाठी ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने बंदी घातलेले हे औषध पेशींवरील बीटा-2 ग्राहकांना (अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचे संकेत टिपणाऱ्या रेणूंना) चेतवते, त्यामुळे पेशींच्या आवरणावरील सोडियम-पोटॅशियम पंप जोराने चालू लागतो आणि रक्तातले पोटॅशियम पेशींच्या आत ओढले जाते. शरीरातील एकूण साठा तितकाच राहतो, जागा मात्र बदलते. अशा वेळी वरून पोटॅशियमच्या गोळ्या घेत राहिल्यास औषधाचा अंमल उतरताना तेच पोटॅशियम पेशींतून रक्तात परत येते आणि पातळी उलट धोकादायक वाढू शकते. हृदयाच्या ठोक्यांच्या दृष्टीने दोन्ही टोके वाईटच. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांसाठी पोटॅशियमविषयी एक ओळ सूचना डब्यावर असायला हवी होती, ती नाही. टॉरिनचेही तसेच : क्लेनब्युटेरॉल दिलेल्या उंदरांच्या हृदयातील टॉरिन घटल्याचे प्रयोगांत आढळले आहे, परंतु तेवढ्यावरून माणसांचे पेटके टॉरिनने थांबतात असा निष्कर्ष काढणे ही जाहिरातदाराची उडी आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर पहिल्या दोन आठवड्यांत गोळे थोडे कमी झाले, आणि तेही प्रामुख्याने ज्या दिवशी घाम खूप आला त्या दिवशी. चौथ्या आठवड्यात छातीत धडधड वाढली, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. रक्तातील पोटॅशियम 3.3 निघाले; सामान्य पातळी साधारण 3.5 ते 5.0 मिलिमोल प्रतिलिटर धरतात. ईसीजी काढून झाल्यावर डॉक्टरांनी पावडरीबद्दल काही विचारलेच नाही, कॅप्सूल आधी बंद करायला सांगितली आणि त्या आठवड्यात व्यायामही हलका ठेवायला लावला. वजन कमी करण्याच्या कॅप्सूलमध्ये लेबलवर न छापलेली औषधेही सापडलेली आहेत, तेव्हा आपण नेमके काय गिळत होतो हे मलाही ठाऊक नाही, हे त्यांच्यासमोर कबूल करताना जरा ओशाळलो. पुढच्या आठ दिवसांत पहाटेचे गोळे थांबले. पावडर त्या काळातही चालूच होती, त्यामुळे श्रेय काटेकोरपणे वाटता येणार नाही, मात्र पावडर घेत असूनही कॅप्सूल चालू असेपर्यंत ते पूर्ण थांबले नव्हते, एवढे नक्की.

गोळा आलाच तर पायाचा पंजा स्वतःकडे ओढून पोटरी सावकाश ताणणे, हा उपाय मला या डब्यापेक्षा जास्त कामी आला. गोळ्यासोबत धडधड, चक्कर, अशक्तपणा किंवा गडद तपकिरी लघवी दिसली तर मात्र पावडर कालवत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

उरलेला अर्धा डबा मी आता लांब धावण्याच्या दिवशी वापरतो. त्या कामासाठी पाचपैकी तीन गुण देईन. डब्यावर छापलेल्या कामासाठी एकच.